पाच दिवसांचा ताप



मुलांच्या दुखण्यांना आपल्या भाषेने फार सुटसुटीत आणि घरगुती नावे दिलेली आहेत. डोळे लाल झाले की आपण म्हणतो, डोळे आले. ओठ फुटले, जीभ लालबुंद झाली की म्हणतो, तोंड आले. अंगावर तांबडे पुरळ उठले तर गोवर, मानेत गाठ सुजली तर अवधाण, बोटांची कातडी सुटू लागली तर उष्णता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली ही नावे आहेत आणि पुष्कळदा ती बरोबरही ठरतात. परंतु बालपणी होणारा एक आजार असा आहे की, त्याची लक्षणे नेमकी हीच आहेत. ती मागेपुढे येतात, प्रत्येकासाठी घरात एकेक नाव आधीच तयार असते, आणि त्या नावांच्या आड मूळ आजार दडून राहतो. रक्तवाहिन्यांचा दाह करणाऱ्या या आजाराला कावासाकी रोग म्हणतात. तो किती आढळतो आणि तो ओळखावा कसा, या दोन प्रश्नांविषयी आज बोलावयाचे आहे. हे प्रश्न वरवर पाहता वेगळे वाटतात. पण एकाचे उत्तर दुसऱ्यावर कसे अवलंबून आहे, हे पुढे ध्यानात येईल.

कावासाकी हे नाव ऐकून काही श्रोत्यांना मोटारसायकल आठवेल. तिचा येथे संबंध नाही. तोमिसाकू कावासाकी हे तोक्यो येथील रेड क्रॉस रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ. १९६१ च्या जानेवारी महिन्यात त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप उतरेना, डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ, मानेत गाठ, हातपाय सुजलेले. पुस्तकांतील कोणत्याच रोगाशी हे चित्र जुळेना. मुलगा यथावकाश बरा होऊन घरी गेला आणि त्याच्या कागदांवर निदान अज्ञात राहिले. पुढच्या वर्षी तसेच दुसरे मूल आले, तेव्हा कावासाकींना पहिले आठवले. एरवी दोन्ही कागद कपाटात गेले असते आणि तेथेच राहिले असते. त्यांनी अशी मुले मोजावयास आरंभ केला आणि १९६७ मध्ये पन्नास मुलांचे तपशीलवार वर्णन जपानी भाषेत प्रसिद्ध केले. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ते १९७४ मध्ये वाचावयास मिळाले. दरम्यान हवाई बेटांवर मेरियन मेलिश आणि त्यांचे सहकारी जपानमधील या कामाची वार्ता नसताना त्याच रोगापाशी येऊन पोहोचले होते.

आरंभी कावासाकींची समजूत अशी होती की, हा आजार आपोआप बरा होतो व मागे काही ठेवून जात नाही. १९७० मध्ये जपानभर पहिली पाहणी झाली, तेव्हा या आजारानंतर काही मुले अकस्मात हृदयविकाराने दगावल्याचे उघडकीस आले. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या, म्हणजे धमन्या, जागोजाग फुगलेल्या आणि गुठळ्यांनी बंद झालेल्या दिसल्या. मग जुन्या नोंदी चाळल्या गेल्या. लंडनच्या सॅम्युएल जी या वैद्याने १८७१ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयरोहिणींवरील अशाच फुगवट्यांचे वर्णन करून ठेवले होते. म्हणजे रोग नवा नव्हता. त्याला नाव तेवढे नवे मिळाले.

शरीरात नेमके काय घडते, ते थोडक्यात सांगतो. मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतींना सूज येते. ती हृदयाच्या धमन्यांपर्यंत पोहोचली की भिंत आतून पोखरली जाते आणि रक्ताच्या दाबाने फुगू लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबला पातळ जागी जसा फुगा येतो, तसे. उपचार न झालेल्या सुमारे शेकडा पंचवीस मुलांत हे घडते. वेळेवर उपचार झाले तर हे प्रमाण शेकडा चारांच्या आसपास येते. पंचवीस आणि चार या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते निदानाचे अंतर आहे.

आता हा आजार किती आढळतो ते पाहू. जपानमध्ये देशव्यापी पाहणीची परंपरा १९७० पासून चालत आलेली आहे. २०१८ मध्ये तेथे सतरा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे सुमारे ३६०. दक्षिण कोरियात हा आकडा दोनशेच्या आसपास, तर अमेरिकेत वीस ते पंचवीस. हवाई बेटांवरील नोंदी विशेष उद्बोधक आहेत. तेथील जपानी वंशाच्या मुलांत हे प्रमाण लाखामागे दोनशेच्या वर आणि गोऱ्या मुलांत पंधराच्या आत आढळले. बेटे तीच, हवा तीच, समुद्र तोच. तेव्हा आनुवंशिक प्रवृत्तीचा यात मोठा वाटा असला पाहिजे. उलट २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे मुले घरात राहिली आणि जपानमधील रुग्णसंख्या अकरा हजारांपर्यंत उतरली. एखादा साधा संसर्ग या दाहाला निमित्त होत असावा, असा तर्क त्यावरून बळावतो. प्रवृत्ती अंगची आणि ठिणगी बाहेरची, असा आजचा समज आहे. ती ठिणगी कोणती, हे साठ वर्षांच्या शोधानंतरही सिद्ध झालेले नाही. हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही, एवढे मात्र निश्चितपणे सांगता येते.

भारतातून या रोगाचा पहिला वृत्तान्त १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कित्येक वर्षे तो आपल्याकडे अपवादात्मकच मानला गेला. मग चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने नोंदी ठेवावयास आरंभ केला. त्यांच्या नोंदींनुसार चंदीगड शहरात १९९४ मध्ये पंधरा वर्षांखालील दर लाख मुलांमागे ०.५१ रुग्ण होते. २००७ मध्ये ४.५४. तेरा वर्षांत जवळजवळ नऊपट! (येथे एक सावधगिरी ठेवावयास हवी. हे आकडे पंधरा वर्षांखालील मुलांचे आहेत आणि जपानचे पाच वर्षांखालील. दोन्ही एकाच तागडीत घालता येणार नाहीत.) आता चंदीगडच्या मुलांची प्रकृती तेरा वर्षांत नऊपट बिघडली, असे कोण म्हणेल? वाढीचा काही भाग खरा असेलही. परंतु माझ्या मते त्यातील मोठा वाटा ओळखणाऱ्या डोळ्यांचा आहे. लसीमुळे गोवर मागे हटला, तेव्हा गोवरासारख्या दिसणाऱ्या पुरळाचे दुसरे कारण शोधणे भाग पडले. एका रुग्णालयाने हे निदान करावयास आरंभ केला, तेथे शिकलेले डॉक्टर गावोगाव गेले, आणि पूर्वी निदान न होताच घरी परतणारी मुले नोंदवहीत येऊ लागली. जेथे पाहणारे आहेत तेथे हा रोग आहे; जेथे नाहीत तेथे तो ‘दुर्मिळ’ आहे.

देशभर अशी पाहणी आपल्याकडे झालेली नाही, म्हणून केवळ अंदाज करून पाहू. भारतात पाच वर्षांखालील मुले सुमारे अकरा कोटी धरली आणि प्रमाण लाखामागे पाच इतके अल्प मानले, तरी वर्षाला साडेपाच हजार मुले होतात. अमेरिकेच्या प्रमाणाने वीस धरले तर बावीस हजार. त्यातील किती मुलांना निदानाचे नाव मिळत असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

हाच हिशोब एका वस्तीपुरता केला म्हणजे अडचण नीट उमगते. बंगळूरच्या आग्नेयेस, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मध्ये एक मोठी वसाहत आहे. त्या दोन रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एचएसआर लेआउट असे नाव पडले. अगरा तलावाच्या काठची ही वस्ती आज संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या तरुण कुटुंबांनी गजबजलेली आहे. त्यांत पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. समजा, अशा एखाद्या वस्तीत पाच वर्षांखालील दहा हजार मुले आहेत. अमेरिकेचे प्रमाण लावले तर तेथे वर्षाला दोन रुग्ण निघतील. आपल्याकडील नोंदींचे प्रमाण लावले तर एखादाच. तोही वस्तीतील अनेक बालरोगतज्ज्ञांपैकी कोणा एकाच्या दारी जाईल. म्हणजे एखाद्या चांगल्या, अभ्यासू डॉक्टरालादेखील चार-पाच वर्षांत असा रुग्ण न दिसणे अगदी शक्य आहे. त्या काळात साध्या तापाची हजारो मुले त्याच्या हाताखालून जातात. पाच वर्षांपूर्वी एकदाच भेटलेला माणूस गर्दीत ओळखू येऊ नये, त्यातला हा प्रकार.

कुटुंबाची बाजूही पाहावी. अशाच एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणू. आईवडील दोघेही नोकरी करणारे, आजी सांगलीला, मूल दोन वर्षांचे. सोमवारी ताप येतो. बुधवारी शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टर घसा लाल पाहून औषध देतात. गुरुवारी डोळे लाल होतात; दूरध्वनीवर आजी सांगते, डोळे आले असतील, गुलाबपाणी घाल. शुक्रवारी अंगावर पुरळ उठते. आता दुसरा दवाखाना. तेथील डॉक्टरांना वाटते की, बुधवारचे औषध अंगावर उठले. ते औषध बदलतात. शनिवारी पुरळ ओसरते, डोळेही निवळतात, पण ताप उतरत नाही आणि मूल कोणालाच जवळ येऊ देत नाही. रविवारी रात्री मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जे तिसरे डॉक्टर असतात, त्यांच्यापुढे केवळ ताप आणि रडणे एवढेच येते. तिघांपैकी एकानेही हलगर्जीपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपल्या पुढ्यातले पान नीट वाचले. सगळी पाने एकत्र मात्र कोणाकडेच नव्हती. ती घरात होती.

या रोगाचे निदान एकाही रक्ततपासणीवर होत नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. मलेरियाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. येथे दाखवावयास तसे काही नाही. निदान होते ते आजही बव्हंशी कावासाकींनी घालून दिलेल्या पद्धतीने. पाच दिवस किंवा त्याहून अधिक राहणारा ताप, आणि त्याच्या जोडीला पुढील पाचांपैकी चार लक्षणे. दोन्ही डोळ्यांची लाली, ओठ, जीभ व तोंड यांतील बदल, अंगावरील पुरळ, हातापायांचे बदल, आणि मानेतील, बहुधा एकाच बाजूची, दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ. चित्र अगदी स्पष्ट असेल तर जाणकार डॉक्टर पाचव्या दिवसाची वाटही पाहत नाहीत.

यांतील प्रत्येकाची काही खूण आहे. डोळे येतात तेव्हा चिपडे येतात आणि सकाळी पापण्या चिकटतात. कावासाकी रोगात डोळे लाल होतात, पण कोरडे राहतात. बुबुळाभोवतीची एक बारीक कडा पांढरी राहिलेली पुष्कळदा दिसते. ओठ लाल होऊन चिरतात आणि जिभेवरचे कण स्ट्रॉबेरीसारखे उठून दिसतात. पुरळाचे एक ठरावीक रूप नाही, मात्र पाण्याचे फोड सहसा नसतात. तळहात, तळपाय लाल होऊन सुजतात. मूल पाय टेकावयास तयार होत नाही. बोटांच्या टोकांशी, नखांच्या कडेपासून कातडी सुटते, ही खूण लोकांना सर्वांत ठाऊक असते, पण ती येते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तिच्या भरवशावर बसलेल्याला निदान मिळते. वेळ मात्र गेलेली असते. लंगोटाच्या जागेची कातडी त्यामानाने लवकर सुटते, तिकडे लक्ष असावे.

आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगाची आहे. आपल्या बाळांना जन्मानंतर डाव्या दंडावर क्षयाची, म्हणजे बी.सी.जी.ची, लस टोचतात. कावासाकी रोगात काही बाळांचा तो जुना वण एकाएकी लाल होऊन सुजतो. अमेरिकेत ही लस सरसकट दिली जात नसल्यामुळे तेथील डॉक्टरांना ही खूण क्वचितच भेटते; जपानी डॉक्टर तिला फार महत्त्व देतात. तापलेल्या बाळाला आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना हा दंड पाहावयास काहीच खर्च पडत नाही.

रक्ताच्या तपासण्या निदानाला आधार देतात. दाह दर्शविणारी सी.आर.पी. आणि ई.एस.आर. ही मोजमापे वाढलेली असतात, रक्त कमी होते, लघवीत जंतू नसताना पूपेशी दिसतात. येथे डेंग्यूचा उल्लेख करणे भाग आहे. पावसाळ्यात बंगळूर काय, पुणे काय, ताप म्हटला की घराघरात प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, मोजल्या जातात. त्या घटल्या की काळजी आणि भरपूर निघाल्या की सुटकेचा निःश्वास, असा आपला अलीकडचा परिपाठ झाला आहे. कावासाकी रोगात दुसऱ्या आठवड्यापासून त्या वाढतात, कधी कधी नेहमीच्या दुपटीवर जातात. ‘प्लेटलेट उत्तम आहेत, डेंग्यू नाही’ असे ऐकून निर्धास्त झालेल्या घरात ताप जर आठव्या दिवशीही कायम असेल, तर त्या चढत्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांना विचारलाच पाहिजे.

सर्वांत अवघड प्रसंग तान्ह्या बाळांचा. सहा महिन्यांच्या आतील बाळात पाचांपैकी एक-दोनच लक्षणे दिसतात, कधी तीही नाहीत. आणि हृदयाच्या धमन्यांना धोका याच वयात अधिक असतो. म्हणून अशा बाळाचा ताप कारण न सापडता सात दिवस टिकला, तर दाहाच्या तपासण्या आणि हृदयाची ध्वनिलहरींनी केलेली तपासणी, जिला आपण इको म्हणतो, ती करावी, असे अमेरिकन हृदयरोग संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. मोठ्या मुलांतही दोन-तीनच लक्षणे असतील तर रोग नाही, असे समजू नये. याला अपूर्ण कावासाकी रोग म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. अपूर्ण असतात ती लक्षणे, धमन्यांना धोका पुरा असतो. इको निर्दोष निघाला म्हणजे रोग नाही, असाही अर्थ नव्हे. पहिल्या आठवड्यात तो बहुधा निर्दोषच असतो. एचएसआर लेआउटमधील कुटुंबाला कोरमंगलातील सेंट जॉन्स रुग्णालय जवळ आहे, शहरातच इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था आहे. रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या धमन्या मोजणारा तयार हात तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. तेथे मोठ्या गावी पाठविण्याचा निर्णय लक्षणांवरच घ्यावा लागतो.

घाई कशाची, तर दहा दिवसांची. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे केलेले इम्युनोग्लोब्युलिन नावाचे द्रव्य शिरेतून दिले असता दाह शमतो, हे जपानमध्ये फुरुशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. १९८६ मध्ये अमेरिकेतील न्यूबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला वीस ग्रॅम, दहा-बारा तासांत हळूहळू देतात, जोडीला ॲस्पिरिन. तापाच्या पहिल्या दिवसापासून दहा दिवसांच्या आत हे दिल्याचा लाभ सर्वाधिक. द्रव्य महाग आहे आणि कित्येक कुटुंबांचे कंबरडे मोडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा दिवस उलटूनही ताप व दाह चालू असतील, तर तेव्हाही ते दिले जाते. मात्र पहिला दिवस कोणता, याबद्दल घराघरात घोटाळा होतो. मूल पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेले तो दिवस लोक पहिला धरतात. खरा पहिला दिवस म्हणजे अंग तापले तो. कोणत्या दिवशी किती ताप, कोणत्या दिवशी डोळे लाल, पुरळ केव्हा उठले आणि केव्हा मावळले, हे एका कागदावर तारखेसह लिहावे. पुरळाचे आणि ओठांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. ते यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहेच. कल्पनेतल्या त्या रविवारच्या डॉक्टरांना असा कागद मिळाला असता, तर चार लक्षणे त्यांच्यापुढे एकाच वेळी उभी राहिली असती. आणि तो सातवाच दिवस होता.

उपचारानंतर मूल पाहता पाहता हसूखेळू लागते, आणि मग पुढच्या तपासण्या राहून जातात. एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी इको करावा लागतो. फुगवटा राहिला असेल तर देखरेख वर्षानुवर्षे चालते. ॲस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्यांची शंका आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आणखी एक गोष्ट लसीच्या कार्डावर लिहून घ्यावयाची असते : इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर गोवर आणि कांजिण्या यांच्या लसी अकरा महिने पुढे ढकलतात, कारण बाहेरून आलेली प्रतिद्रव्ये त्या लसींना निष्फळ करतात. नोकरीच्या निमित्ताने बंगळूरचे बिऱ्हाड हलवून पुण्यास किंवा मुंबईस जाणाऱ्या कुटुंबाने हे कार्ड, रुग्णालयाचा अहवाल आणि इकोची मोजमापे सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता स्वतःजवळ ठेवावीत; नव्या गावच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ती लागतील.